कामाची सवय ओळखून योग्य प्रोग्राम सुचवणारं सॉफ्टवेअर बनवतोय, मदत हवी आहे

तलावपाळीकर | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यात माझ्या मावशीचं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एकावर मावशी आणि दुसऱ्यावर एक ऑपरेटर ताई, बारा वर्षं त्याच खुर्चीवर. मी वागळे इस्टेटमधे नोकरीला आहे पण जून महिना आला की शनिवारी दुकानात जाऊन बसतो कारण दाखले, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिप सगळं एकदम येतं आणि दोघींना पाणी प्यायलाही वेळ मिळत नाही.

आज एक मुलगा आला, त्याला फोटो ५० केबीच्या आत हवा होता. ताईंनी पेंट उघडलं, रिसाइझ, पन्नास टक्के, सेव्ह अ‍ॅज, मग फोल्डरमधे जाऊन राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ६८ केबी. परत पेंट. चाळीस टक्के, परत सेव्ह, परत प्रॉपर्टीज, ५४. चौथ्या वेळी ४१ झालं तेव्हा त्यांनी हुश्श केलं, आणि मागे सहा जण उभे. मग मी मोजायला लागलो, संध्याकाळपर्यंत हे एकोणीस वेळा झालं. बारा वर्षांत कोणीच त्यांना सांगितलं नाही की हे एका राइट क्लिकमधे होतं. सांगणार कोण, मावशीला पण माहीत नाही, आणि त्या स्वतः शोधणार कशा, ज्याचं नावच माहीत नाही ते गूगलवर टाकणार काय.

म्हणून मनात आलं की कॉम्प्युटर तर सगळं बघत असतो, त्यानेच सांगितलं पाहिजे की ताई, तुम्ही हे जे करताय त्याला एक सोपा रस्ता आहे.

आतापर्यंत केलंय ते असं. आधी विंडोज स्वतः जी नोंद ठेवतं ती वापरून बघितली. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, युजरअसिस्ट नावाची की (एक नोंद) असते, कोणता प्रोग्राम किती वेळा उघडला आणि शेवटचा कधी, हे त्यात मिळतं, फक्त नावं रॉट१३ने फिरवलेली असतात, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढे, एनच्या जागी ए, ओच्या जागी बी. उलटं फिरवायला पायथनमधे एक ओळ लागते. निघालं काय तर क्रोम, वर्ड, पेंट, पेजमेकर. यावरून काय सुचवणार?

मग स्वतः स्क्रिप्ट लिहिली. दर सेकंदाला गेटफोरग्राउंडविंडो विचारायचं, समोर कोणती विंडो आहे ते बघायचं आणि एस्क्यूलाइटच्या, म्हणजे एका छोट्या डेटाबेसच्या, फाइलमधे वेळेसकट टाकायचं. आठवडाभराचा लॉग आहे. आता पुढे काय ते कळत नाहीये. कोणी असलं काही केलं असेल तर प्लीज सांगा.

ऐरोली_बॅकएंड | रविवार, सकाळी ८:२५

छान विषय. एक गोष्ट आधीच वेगळी करून घ्या नाहीतर सहा महिने चुकीच्या रस्त्यावर जातील, माझे गेलेत.

"सवयीवरून सुचवणं" यात दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. पहिलं म्हणजे माणूस आता पुढे काय उघडणार हे ओळखणं. हे खूप जुनं आहे. विंडोज एक्सपीमधे प्रीफेच होतं, व्हिस्टात त्याचं सुपरफेच झालं, तुम्ही रोज सकाळी काय उघडता ते बघून आधीच मेमरीत आणून ठेवायचं. लिनक्सवर प्रीलोड नावाचा डीमन, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, आहे, २००५ च्या गूगल समर ऑफ कोडमधे बनलेला, तोही हेच करतो. फायरफॉक्स ३ मधे २००८ ला अ‍ॅड्रेस बारला जे आलं, किती वेळा आणि किती अलीकडे याचा एकत्र गुण काढायचा, तेही याच घरातलं. फोनवर वरच्या ओळीत चार अ‍ॅप दिसतात तेही. या सगळ्यात माणसाकडे जे आहे तेच त्याला परत मिळतं.

दुसरं काम म्हणजे जे त्याच्याकडे नाही किंवा माहीतच नाही ते सुचवणं. तुम्हाला हे हवंय. आणि इथे नेहमीचं तंत्र, म्हणजे तुमच्यासारखे लोक अजून काय वापरतात, अ‍ॅमेझॉनने २००३ मधे लिहिलेल्या पेपरमधलं वस्तूवरून वस्तू सुचवणं, त्याला हजारो माणसांचा डेटा लागतो. तुमच्याकडे दोन माणसं आहेत. डेबियनवाल्यांकडे (तेही एक लिनक्सच) पॉपकॉन आहे, ज्याने स्वतःहून चालू केलं त्याच्या मशीनवर कोणती पॅकेजं आहेत ती यादी जाते, त्यावरून सुचवायचा प्रयत्न लोकांनी केलाय, उबुंटूच्या सॉफ्टवेअर सेंटरमधे पण २०१२ मधे शिफारशी आल्या होत्या. पण नौपाड्यातल्या दुकानाच्या उपयोगाचं त्यात काही नाही.

तेव्हा दोन माणसांच्या डेटावर मॉडेल शिकवायच्या मागे लागू नका. सुचवायच्या गोष्टींची यादी हाताने लिहा, वीस-तीस पुरे, आणि डोकं लावा ते "कधी" या प्रश्नाला.

अक्षरजुळणी | रविवार, सकाळी १०:०५

मी १९९४ पासून डीटीपीत आहे, आधी दादरला आणि आता कळव्यात. एक विनंती करतो, मनापासून. जे काही कराल ते कराल, पण आमच्या बोटांखालची जागा हलवू नका.

ऑफिस २००० आलं तेव्हा त्यात मेन्यू आपोआप लहान व्हायचे. जे तुम्ही वापरत नाही ते लपायचं आणि खाली दोन बाण दिसायचे, त्यावर थांबलं की बाकीचं उघडायचं. ज्याने केलं त्याचा हेतू चांगला असणार, सवय ओळखून पसारा कमी करायचा. पण आम्ही मेन्यूतले शब्द वाचतच नाही हो, हात जातो. तिसऱ्या जागी काय आहे हे हाताला माहीत असतं आणि एक दिवस तिसऱ्या जागी दुसरंच काहीतरी. अंकाची डेडलाइन, प्रेसचा माणूस दारात आणि मी टेबल इन्सर्ट शोधतोय. टूल्समधे जाऊन कस्टमाइजमधून ते बंद करणं हे नवीन मशीन आलं की पहिलं काम असायचं. पुढे २००७ च्या ऑफिसमधे वर्ड-एक्सेलला रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली आणि तो प्रकार गेला.

सवय ओळखणं म्हणजे सवयीला हात लावणं नव्हे, एवढंच म्हणायचंय. तुमच्या मावशीच्या ऑपरेटर ताईंचा पेंटपर्यंतचा रस्ता आहे तसाच राहू दे. नवीन काही असेल तर बाजूला दाखवा.

नेरूळ_सेक्टर | रविवार, दुपारी १२:४०

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमत आणि माझं थोडं वेगळं कारण जोडते. मला दिसत नाही, मी एनव्हीडीए वापरते, स्क्रीनवर जे असतं ते तो वाचून दाखवतो आणि मी कीबोर्डने काम करते. माझ्यासाठी कोपऱ्यात आलेलं नोटिफिकेशन कोपऱ्यात नसतं. मी एखादं पत्र ऐकत असते, मधल्याच ओळीत आवाज तोडून ते नोटिफिकेशन वाचायला लागतं, मग मी परत मागे जाऊन ओळ शोधायची. दिवसातून दहा वेळा असं झालं तर माणूस रडकुंडीला येतो.

तर सूचना एका ठरलेल्या की-कॉम्बिनेशनवर ठेवा. मी विचारेन तेव्हा सांगा. आणि वाक्य पूर्ण असू दे, नुसतं चित्र किंवा चमकणारा दिवा नको.

हे फक्त आमच्यासाठी म्हणून सांगत नाहीये, रांगेत सहा जण उभे असताना डोळस माणसालाही पॉपअप नकोच असतो.

कोपरखैरणे_सेमिस्टर७ | रविवार, दुपारी ३:१५

दादा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आम्हाला प्रोजेक्टला असंच काहीतरी घ्यायचं होतं. तुमच्या लॉगवर एलएसटीएम, म्हणजे क्रम शिकणारं न्यूरल नेटवर्क, लावून पुढची विंडो प्रेडिक्ट करता येईल का? म्हणजे सीक्वेन्सच आहे ना तो. मी कोड लिहून देऊ शकतो, मला डेटा मिळेल का?

ऐरोली_बॅकएंड | रविवार, दुपारी ४:००

एलएसटीएम नंतर. आधी "शेवटच्या उघडलेल्या पाच विंडो" एवढाच अंदाज किती वेळा बरोबर येतो ते मोज, मग बोल. ही साधी गोष्ट हरवायला फार कठीण असते, कारण माणूस त्याच तीन-चार विंडोंमधे फिरत असतो. त्याच्यावरची पायरी म्हणजे मार्कोव्ह चेन, आत्ता पेंटमधे आहे तर पुढे एक्सप्लोरर किती वेळा आलं, वर्ड किती वेळा आलं, एक तक्ता. मार्कोव्हने १९१३ मधे पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'मधली २०,००० अक्षरं हाताने मोजून स्वरानंतर व्यंजन किती वेळा येतं ते काढलं होतं, कॉम्प्युटर नसताना. तुझ्याकडे आहे तर कर आज रात्री. शेवटचे एक-दोन दिवस बाजूला ठेव आणि आधीच्या दिवसांवर तक्ता बनव, उलटं करू नकोस, नाहीतर उद्याचा डेटा कालच्यात मिसळेल आणि आकडा खोटा चांगला येईल.

आणि डेटा मागायच्या आधी खालची चर्चा होऊ दे, कारण कोणीतरी प्रायव्हसीचं बोलणार आहे आणि बोललं पाहिजे.

निळी_शाई | रविवार, संध्याकाळी ६:२०

मीच बोलतो, मी वकिलांकडे कारकून आहे, ठाणे कोर्टात.

तलावपाळीकर, तुमच्या स्क्रिप्टमधे विंडोचं टायटल जातंय का? जात असेल तर आजच्या आज काढा. असल्या दुकानात टायटल म्हणजे काय असतं विचार करा. कोणाचं आधार, कोणाचा घटस्फोटाचा मसुदा, कोणाचा मेडिकल रिपोर्ट, फाइलला नाव गिऱ्हाइकाचंच दिलेलं असतं आणि तेच टायटल बारला येतं. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड काय असतो, नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमधे आणि जन्माचं साल. तुमच्या लॉगमधे नाव असेल तर अर्धा पासवर्ड तुम्हीच लिहून ठेवलात.

नाव काढलं की झालं असंही समजू नका. २००६ मधे एओएलने साडेसहा लाख लोकांचे सर्च नावाच्या जागी आकडे घालून बाहेर दिले, न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यातल्या एका बाईंना नुसत्या सर्चवरून शोधून काढलं. नेटफ्लिक्सने स्पर्धेसाठी दिलेल्या रेटिंगचं पण तेच झालं, नारायणन आणि श्मातिकोव्ह यांनी २००८ मधे दाखवून दिलं की थोडी बाहेरची माहिती असली की माणूस ओळखता येतो. आणि मे २०२४ मधे मायक्रोसॉफ्टने रिकॉल जाहीर केलं, दर थोड्या वेळाने स्क्रीनचा फोटो, सगळं मशीनवरच राहणार म्हणाले, तरी सुरक्षा तपासणाऱ्यांनी दाखवलं की तो डेटाबेस सहज वाचता येत होता, मग पुढच्याच महिन्यात त्यांना ते आपोआप चालू न ठेवता विचारून चालू करायचं असं बदलावं लागलं.

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा मूलभूत हक्क मानला, २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा झाला. त्यातली मला आवडणारी गोष्ट ही की संमती मागताना जी सूचना द्यायची ती आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय असला पाहिजे. म्हणजे मराठीतसुद्धा. तुम्ही लहान आहात, दोन मशीनचं काम आहे, पण सवय आत्तापासून लावा.

तलावपाळीकर | रविवार, रात्री ९:३०

निळी शाई, टायटल जात होतं. हे वाचून लगेच दुकानात फोन केला, मावशीला स्क्रिप्ट बंद करायला लावली आणि मग स्वतः जाऊन जुना सगळा लॉग उडवला. मनापासून आभार, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

पण अडचण सांगतो. टायटल नसेल तर अर्धं काम क्रोममधे आहे आणि क्रोम म्हणजे क्रोम, त्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब आहे का आपले सरकार आहे का यूट्यूबवर भजन लावलंय, काहीच कळत नाही. म्हणून आता असं केलंय की टायटल मेमरीत आलं की लगेच सात-आठ शब्दांच्या यादीशी जुळवायचं, "चॅट", "सरकारी पोर्टल", "मेल", "इतर" एवढाच शिक्का मारायचा आणि टायटल तिथेच टाकून द्यायचं, डिस्कवर लिहायचंच नाही. दर सेकंदाला विचारणंही बंद केलं, सेटविनइव्हेंटहुक लावला, विंडो बदलली की विंडोजच सांगतं. मशीन पण हलकं झालं.

आणि काल दिवसभर ताईंच्या शेजारी बसून जे बघितलं त्यातून एक गोष्ट सुचली, ती तुम्हा सगळ्यांपुढे ठेवतो. मी इतके दिवस प्रोग्राम बघत होतो. बघायचंय ते दोन प्रोग्रामच्या मधे. माणूस जेव्हा एका विंडोतून दुसऱ्या विंडोत हाताने काहीतरी उचलून नेतो तिथे त्याला मदत लागते. पेंट, एक्सप्लोरर, पेंट, एक्सप्लोरर, ही ये-जा. फोटोच्या वेळी दोन मिनिटांत आठ वेळा झाली. वर्डमधे टाइप करताना माणूस वीस मिनिटं एकाच विंडोत असतो, तिथे त्याला काही नकोय, तो कामात आहे.

दुसरी ये-जा याहून मोठी सापडली. एका बाजूला पेजमेकर, दुसऱ्या बाजूला क्रोममधलं पोर्टल. जुन्या फॉन्टमधे बसवलेला मजकूर पोर्टलमधे पेस्ट केला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो युनिकोडमधे, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाही. तर ताई एक ओळ वाचतात, तिकडे जाऊन टाइप करतात, परत येतात. पानभर. पाऊण तास.

हे कॉपी-पेस्ट आहे का हाताने टाइप करणं आहे ते क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं जिथे राहतं ती जागा, न वाचता कळतं! विंडोजमधे गेटक्लिपबोर्डसीक्वेन्सनंबर आहे, क्लिपबोर्डवर काही नवीन आलं की तो आकडा बदलतो, आत काय आहे ते बघावं लागत नाही. ये-जा चालू आहे आणि आकडा हलत नाही म्हणजे माणूस बघून बघून टाइप करतोय. इथे युनिकोड कन्व्हर्टर सुचवायचा.

ऐरोली_बॅकएंड | रविवार, रात्री १०:०५

हे भारी आहे. क्लिपबोर्डचा आकडा मला सुचला नसता. मशीन लर्निंगचं नावही न घेता काम होतंय. नियम लिहा, ये-जा किती, किती वेळात, क्लिपबोर्ड हलला का, आणि तो कितव्यांदा होतोय. पहिल्यांदा झालं तर गप्प. तिसऱ्या दिवशीही झालं तर ती सवय.

सीवूड्स_संध्याकाळ | सोमवार, सकाळी ९:५०

यादी लिहिताना लायसन्स बघा. मी बघितलंय लोक सरळ इरफानव्ह्यू सुचवतात, प्रोग्राम छानच आहे, पण तो घरगुती वापराला फुकट आहे, दुकानाला, धंद्याला लायसन्स घ्यावं लागतं. तुम्ही सुचवलंत आणि मावशींनी टाकलं तर जबाबदारी तुमची झाली ना. फोटोसाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज बघा, ओपन सोर्स आहे, त्यात इमेज रिसायझर आहे, फाइलवर राइट क्लिक करून माप निवडायचं, एकदम पन्नास फाइल्स घेतल्या तरी चालतात. केबी नेमके सांगता येत नाहीत पण एकदा माप आणि क्वालिटी ठरवून ठेवली की पासपोर्ट फोटो दर वेळी तेवढ्यातच बसतो.

आणि स्क्रीनचा तुकडा कापण्यासाठी प्रिंट स्क्रीन-पेंट-क्रॉप करत असतील तर काहीच टाकावं लागणार नाही, विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र दाबायचं. सगळ्यात चांगली सूचना तीच जी मशीनमधे आधीच आहे.

कीबोर्ड_आणि_चहा | सोमवार, दुपारी २:३०

इतका वेळ वाचत होते, आता लिहिते. मी ऑपरेटर आहे. दुकान तुमचं आहे, सॉफ्टवेअर तुमचं आहे, सगळे हुशार लोक बोलताय आणि चांगलंच बोलताय, पण ज्या ताईंच्या मशीनवर हे चालू आहे त्यांना विचारलंत का?

मी आधी वाशीत एका ऑफिसात डेटा एंट्रीला होते, नाव घेत नाही. तिथे एक दिवस आमच्या मशीनवर एक प्रोग्राम टाकला, सांगितलं की कामाला मदत होईल, सवयीनुसार टिप्स देईल. टिप कधी आली नाही. महिन्याने साहेबांच्या केबिनमधे बोलावून कागद दाखवला, या तारखेला अकरा मिनिटं कीबोर्डला हात नाही, त्या तारखेला चौदा. माझ्या मुलीला ताप होता, मी पाळणाघरात फोन करत होते. ते मशीनला कसं कळणार. त्या दिवसापासून मी काम नसलं तरी स्पेसबार दाबत बसायचे. पुढे तीन महिन्यांत सोडलं.

तुम्ही वाईट हेतूने करत नाही हे दिसतंय. पण लॉग तोच असतो. ये-जा मोजणारा लॉग आणि माणूस किती वेळ बसून होता ते मोजणारा लॉग यात फरक फक्त वाचणाऱ्याचा.

निळी_शाई | सोमवार, दुपारी ३:१०

कीबोर्ड_आणि_चहा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कायद्याचं बोलताना मी गिऱ्हाइकाचा विचार केला, खुर्चीवरच्या माणसाचा केलाच नव्हता.

अक्षरजुळणी | सोमवार, दुपारी ३:४५

+१. डोळ्यात पाणी आलं स्पेसबारचं वाचून.

तलावपाळीकर | सोमवार, रात्री १०:५०

नव्हतं विचारलं. मावशीला विचारलं होतं, ताईंना नाही.

आज ऑफिसातून थेट दुकानात गेलो, शटर अर्धं ओढल्यावर त्यांना सगळं उघडून दाखवलं, लॉगमधली ओळ न् ओळ. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे मी किती वेळ रिकामी बसते ते तुझ्या मावशीला दिसणार का?" मावशी तिथेच होती, ती म्हणाली अगं मला कशाला बघायचंय, पण मी म्हटलं मावशी, तू बघणार नाहीस हे खरं, पण बघता येतंय हेच चूक आहे.

तिथेच बसून बदललं. आता ये-जा मोजली की फक्त "पेंट-एक्सप्लोरर, आज ६ वेळा" एवढा आकडा राहतो, वेळ कुठेच लिहिली जात नाही, सकाळ का दुपार तेही नाही. कच्ची नोंद दहा मिनिटं मेमरीत असते आणि जाते. फाइल ताईंच्या विंडोज लॉगिनमधे, त्यांच्या पासवर्डमागे. चालू-बंद करायचं बटण त्यांच्याकडे. आणि एक पान मराठीत लिहिलं, काय बघतो, काय ठेवतो, काय नाही ठेवत, नऊ ओळी. त्यांनी दोनदा वाचलं, एका ओळीत "डेटा" लिहिलं होतं तिथे "नोंद" लिही म्हणाल्या, मग म्हणाल्या आता चालू कर.

कोपरखैरणे, सॉरी मित्रा, लॉग देता येणार नाही. तुझ्याच मशीनवर स्वतःचा गोळा कर, कोड देतो.

कीबोर्ड_आणि_चहा | मंगळवार, सकाळी ७:१५

असं कोणी आमच्याकडे येऊन दाखवलं असतं तर मी आज तिथेच असते. ताईंना माझा नमस्कार सांगा.

तलावपाळीकर | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:२०

काय झालं ते सांगायचं राहिलं होतं, जूनची गर्दी संपली म्हणून आता लिहितोय.

सूचना पॉपअपने येत नाही. टास्कबारवर एक छोटं चिन्ह आहे, ताईंनी एफ९ दाबलं तरच उघडतं, नेरूळताई, तुमच्या सांगण्यावरून, आणि एनव्हीडीए टाकून मी स्वतः डोळे मिटून ऐकून बघितलं, पूर्ण वाक्य वाचलं जातं. एका दिवसात जास्तीत जास्त एकच सूचना. वाक्य असं येतं: "फोटो लहान करायला तुम्ही या आठवड्यात २३ वेळा पेंट आणि फोल्डरमधे ये-जा केलीत. एकदाच राइट क्लिक करून होतं, दाखवू का?" खाली तीन बटणं, "दाखव", "आत्ता नको", "हे नकोच". का सुचवलं ते वाक्यातच असलं पाहिजे हा माझा हट्ट होता आणि तो कामाला आला, कारण ताई म्हणाल्या २३ आकडा वाचून मला माझीच दया आली.

रिसायझर त्यांनी पहिल्याच दिवशी घेतला. आता पालक आपल्या मुलांचे चार-चार फोटो आणतात ते एकदम निवडून होतात. दुसऱ्या आठवड्यात विंडोज, शिफ्ट, एस पण हाताला बसलं, पेंटचं जुनं चिन्ह मात्र होतं तिथेच आहे, अक्षरजुळणी काका, हलवलं नाही.

युनिकोड कन्व्हर्टरला मात्र त्यांनी "हे नकोच" दाबलं. मला आश्चर्य वाटलं, पाऊण तास वाचत होता. विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते लॉगमधे कधीच दिसलं नसतं. एकदा जुनं प्रतिज्ञापत्र तसंच्या तसं कॉपी करून दिलं होतं, चौथ्या परिच्छेदात आधीच्या गिऱ्हाइकाच्या बायकोचं नाव राहिलं, नोटरी झाली, स्टॅम्प पेपर वाया गेला आणि त्या माणसाला कामावर खाडा करून परत यावं लागलं. तेव्हापासून त्या ओळ वाचून टाइप करतात, म्हणजे प्रत्येक शब्द डोळ्याखालून जातो. शिवाय कन्व्हर्टरने त्यांनी एकदा करून बघितलं होतं, रफार भलत्याच अक्षरावर गेला आणि "दुसऱ्या"मधला र तुटला, ते शोधत बसण्यापेक्षा टाइप केलेलं बरं.

मी ज्याला वाया जाणारा वेळ समजत होतो ती त्यांची तपासणी होती.

म्हणून "हे नकोच"च्या खाली एक रिकामी ओळ दिली आहे, हवं असेल तर कारण लिहायचं, नाही लिहिलं तरी चालतं. त्यांनी लिहिलं आणि मी त्यावरून नियमच बदलला. प्रतिज्ञापत्र, करार असल्या कामात ये-जा कितीही झाली तरी सॉफ्टवेअर गप्प बसतं. त्याऐवजी नवीन सूचना केली, जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवून फरक रंगवून दाखवणारं, वर्डमधे कंपेअर असतं तेच, रिव्ह्यूमधे. जुना मसुदा एकदा युनिकोडमधे टाइप झाला की पुढच्या वेळी त्याच्याशी तुलना. हे त्यांना पटलं, काल एका भाडेकरारात वापरलं, बदललेलं सगळं लाल झालं पण मालकाच्या वडिलांच्या नावाला रंगच नव्हता, त्यावरून ते जुनंच राहिलंय हे कळलं.

अक्षरजुळणी | रविवार, दुपारी ३:००

रफाराचं अगदी खरं. ताईंना सांगा की कळव्यातला एक म्हातारा डीटीपीवाला पण अजून ओळ वाचूनच टाइप करतो. कंपेअर मी कधी वापरलं नव्हतं, आज बघतो.

कोपरखैरणे_सेमिस्टर७ | रविवार, संध्याकाळी ५:३०

दादा मी माझ्या लॅपटॉपवर पंधरा दिवस गोळा केलं. शेवटच्या पाच विंडोवाला साधा अंदाज आणि मार्कोव्हचा तक्ता जवळजवळ सारखेच आले. तक्ता थोडा पुढे, फक्त सकाळी पहिल्या दहा मिनिटांत. सरांना दाखवलं. आता ये-जावाला भाग घ्यायचा आहे प्रोजेक्टला. कॉलेजच्या लायब्ररीत एंट्री करणाऱ्या मॅडमना आधी विचारणार आहे, मगच चालू करणार. एकदा तुमच्या दुकानात येऊन बघू का?

तलावपाळीकर | रविवार, संध्याकाळी ६:०५

ये ना. ट्रान्स-हार्बरने ठाण्याला उतर आणि पश्चिमेला बाहेर ये, तिथून चालत दहा मिनिटं, पत्ता मेसेज करतो. शनिवारी पाचनंतर ये, तेव्हा गर्दी कमी असते. पण ताईंना आज विचारून मग नक्की सांगतो, खुर्ची त्यांची आहे.